तीन हजार मातीचे गोळे

ओत्सुबोच्या तळ्यातले मासे कशानं मेले हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण ओठांवर कुणी आणत नाही. विचारलंत तर त्या वर्षी ऊन फार कडक होतं असं सांगतील आणि चहा पुढे करतील. गावाला सभ्यपणाची भारी हौस. त्या सभ्यपणानं मित्सुएबाईचं निम्मं वाटोळं केलं, उरलेलं निम्मं तिनं आपल्या हातानं केलं.

मित्सुए आयाता ही मूळची इथली नव्हे. ती समुद्रापलीकडची, शोदोशिमा बेटावरची. बाप तिथल्या सोयासॉसच्या कारखान्यात पिंपं ढवळायला होता. माणूस उभा बुडेल एवढाली ती लाकडी पिंपं, आजोबा-पणजोबांच्या वेळची, आणि त्यांच्या फळ्यांवर, वरच्या तुळयांवर, भिंतींवर काळी जाड बुरशी धरलेली. परका माणूस आत आला की नाक मुरडायचा. बाप मात्र पोरीला भिंतीवरची ती काळी सायच दाखवायचा. म्हणायचा, आपण काही करत नाही गं, करतात ते हे. आपण ढवळायचं आणि घाई करायची नाही. यातलं पहिलं वाक्य पोरीनं जन्मभर धरून ठेवलं. दुसरं नेमकं वेळेला सुटलं.

बाविसाव्या वर्षी ती लग्न होऊन इकडे सानुकीला आली. नवरा तोकुजिरो. शेत टीचभर, पण घराण्याकडे मान मोठा, कारण आयातांचा थोरला मुलगा म्हणजे ओत्सुबोच्या तळ्याचा राखणदार. जूनच्या मध्यावर तळाचं लाकडी बूच उपसून पाटाला पाणी सोडायचं, कुणाच्या खाचरात किती वेळ पाणी जाईल ते ठरवायचं, बांधावरचं गवत कापायचं, घुशींची बिळं बुजवायची, आणि पाण्यावरून भांडणं जुंपली की दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. तोकुजिरोनं हे एक्केचाळीस वर्षं केलं. माणूस अबोल होता. लग्नानंतर पहिले सहा महिने तो आपल्याशी बोलतो त्यापेक्षा तळ्याशी जास्त बोलतो असं मित्सुएला वाटायचं, आणि ते खरंच होतं.

तिला सगळ्यात आवडायचा तो हिवाळ्यातला उपसणीचा दिवस. तळं पार रिकामं करायचे. गाव झाडून चिखलात उतरायचं, मासे पाट्यांत भरायचे, गाळ खोऱ्यानं ओढून शेतांवर न्यायचे, आणि मग तळ उघडा टाकून द्यायचे, ऊन-वारा खायला. बायका बांधावर चुली मांडून मुळ्याचं मिसो घातलेलं कालवण शिजवायच्या. नवी नवरी असताना मित्सुए त्या चिखलात मांडीपर्यंत रुतली होती आणि तोकुजिरोनं तिला बगलेत धरून मुळ्यासारखी उपटून काढली होती. गाव हसलं होतं. त्या हसण्यात ती इथली झाली.

पुढे उपसणी बंद पडली. कुणी बंद केली नाही, पडली. पोरं ओसाकाला गेली, खाचरांत गवत माजलं, राहिलेल्यांचे गुडघे गेले. एका वर्षी माणसं जमली नाहीत, दुसऱ्या वर्षी कुणी बोलावलंच नाही. वीस वर्षं गाळ साठत गेला. त्यात वरच्या अंगाला उदोनचं दुकान निघालं, आणि शेवया उकडलेलं पिठाळ पाणी ओघळातून सरळ तळ्यात. दुकानदार मोठा गोड माणूस, शेवया त्याहून गोड. रोज दुपारी अख्खं गाव तिथं जेवायला. आता ज्याच्या दुकानात आपण वाडगा तोंडाला लावून रस्सा पितो, त्याला तुझं पाणी घाण आहे असं सांगणार कोण? कुणीच सांगितलं नाही. उन्हाळ्यात तळं हिरवंगार व्हायचं, वास सुटायचा, खिडक्या लावून घ्यायच्या.

आठ वर्षांपूर्वी तोकुजिरो बांधावर गवत कापता कापता कोसळला. मशीन चालूच होतं. पाणी-मंडळाचा अध्यक्ष, म्हातारा मियाताके, आवाज एकाच जागेवरून का येतो म्हणून बघायला गेला, तेव्हा कळलं. मुलगी चिसातो ओसाकाहून आली, आईला घेऊन जाते म्हणाली. मित्सुए गेली नाही. तळ्याकडे कोण बघणार, हे तिनं सांगितलेलं कारण. खरं कारण असं, की या माणसानं जगात मागे ठेवलं ते एवढंच, आणि ते सोडून जायला तिचा जीव होईना.

पुढल्या वसंतात समाजमंदिरात बागकामाचे वर्ग झाले. शिकवणारी बाई जीवाणूंचं पाणी घेऊन आली होती. माशाला पोहायला शिकवावं लागत नाही. मित्सुए पहिल्याच दिवशी बाटली हुंगून म्हणाली, हा तर माझ्या बाबांच्या कारखान्याचा वास. तेव्हापासून तिच्या घरी तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत गेलं नाही. त्यात काकवी घालायची, जुन्या बाटलीतलं विरजण घालायचं, उबेला ठेवायचं, आणि रोज झाकण सैल करून कोंडलेला वारा सोडायचा. एकदा विसरली तर बाटली फुटून छतापर्यंत उडाली होती, त्याचा डाग अजून आहे. भाजीची देठं, माशांची डोकी, उरलेला भात बोकाशीच्या, म्हणजे आंबवलेल्या खताच्या, बादलीत, भाताच्या कोंड्याबरोबर दाबून. महिन्याभरानं ते वाफ्यात पुरायचं. वांगी अशी धरली की हसणाऱ्या बायका हळूहळू रिकाम्या बाटल्या घेऊन दाराशी यायला लागल्या. मित्सुए सगळ्यांना विरजण द्यायची.

तिची मैत्रीण युकिए, पलीकडच्या गल्लीतली, एकदा स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली होती, "मित्सुए, तुझ्या घरात माणसांपेक्षा जंतूच जास्त झाले गं."

"ते तरी घर सोडून ओसाकाला जात नाहीत," मित्सुए म्हणाली.

बागेनंतर तळं. लाल माती, कोंडा, काकवी आणि ते पाणी एकत्र मळायचं, मुठीएवढे गोळे वळायचे, तीन आठवडे सावलीत ठेवायचे. वर पिठीसाखर भुरभुरावी तशी पांढरी बुरशी धरली की गोळा तयार. वसंतात, तळं काठोकाठ असताना आणि पाणी गार असताना, तो पाण्यात टाकायचा. तो तळाला बसतो, आतले जीव हळूहळू गाळ खातात. दोन वर्षं तिनं बुचाजवळच्या कोपऱ्यात दोनदोनशे गोळे टाकले. त्या कोपऱ्यात पाणी जरासं निवळलं, बारके मासे दिसायला लागले. गोळ्यांनी निवळलं की त्या दोन वर्षांत पाऊस बरा झाला म्हणून, देव जाणे. मित्सुएच्या मनात शंका नव्हती.

मग जूनमध्ये नगरकचेरीतला कामादा आला. तरुण, घामेजलेला, पायताण नीट जुळवून दाराशी ठेवणारा. तो मित्सुएकडे मुद्दाम आला, कारण राखणदाराच्या विधवेला आधी सांगितलं नाही तर बरं दिसलं नसतं. बांध जुना झालाय, म्हणाला. दुसऱ्या जिल्ह्यांत मोठ्या पावसात असे बांध फुटून माणसं वाहून गेलीत. ओत्सुबोच्या पाण्यावर आता तीनच घरं शेती करतात. मंडळानं अर्ज दिला तर कचेरी तळं बुजवून देईल. ओबोन, पितरांचा सण, उरकला की वीस ऑगस्टला सभा आहे, तिथं काय ते ठरेल.

मित्सुएनं विचारलं, आणि बांध दुरुस्त करायचा म्हटलं तर?

कामादानं कागद खालीवर केले. तेही होऊ शकतं, म्हणाला, पण लोकांना तळं हवंय असं दिसलं पाहिजे. सध्या कचेरीत येतात त्या वासाच्या तक्रारी.

म्हणजे वीस ऑगस्टपर्यंत तळ्याचा वास गेला पाहिजे आणि माणसं तळ्याकाठी दिसली पाहिजेत. नाहीतर तोकुजिरोच्या एक्केचाळीस वर्षांवर मुरूम पडणार. मित्सुएला एवढंच ऐकू आलं. बांधाचं आणि वाहून गेलेल्या माणसांचं तिनं ऐकलं नाही असं नाही, पण कानाआड केलं.

तिनं कागदावर हिशेब केला. तळं तीन हजार चौरस मीटर, एका मीटरला एक गोळा, तीन हजार गोळे. अठ्ठावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचा भात शिजवलेली बाई ती, तिला आकड्यांचं भय नव्हतं. वसंत ऋतू निघून गेला होता हे तिला कळत होतं. पण सभा काही वसंतापर्यंत थांबणार नव्हती. पी हळद आणि हो गोरी, असं व्हायला हवं होतं तिला.

जुलैत चार दिवस समाजमंदिराच्या मागच्या पडवीत बारा बायका गोळे वळत बसल्या. सगळ्यांत धाकटी पासष्टची. गेल्या कित्येक वर्षांत इतक्या जणी एका कामाला बसल्या नव्हत्या. कोपरापर्यंत माती, कपाळाला बांधलेले पंचे, गार जवाचा चहा, आणि अखंड बडबड. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाच्या नवऱ्याला आता बटण लावता येत नाही. युकिएनं एक गोळा हातात धरून, हा आमच्या ह्यांच्या डोक्याएवढा झाला, पण ह्याच्या आत निदान काहीतरी जिवंत आहे, असं म्हटलं तेव्हा सगळ्या हसून आडव्या झाल्या. मित्सुए हसत होती आणि मनात म्हणत होती, बघा, आहेत की माणसं. त्या चार दिवसांत ती जितकी सुखी होती तितकी नवरा गेल्यापासून कधी झाली नव्हती. मला तिचा राग येतो तेव्हा मी ते चार दिवस आठवतो.

नऊ ऑगस्टला, रविवारी सकाळी, गोळे तळ्यावर नेले. पांढरे हातमोजे, रुंद टोप्या, पाट्याच पाट्या. गावच्या केबल वाहिनीचा माणूस कॅमेरा घेऊन आला होता. मियाताके अध्यक्ष म्हणून आला होता, काठी टेकत.

मित्सुए बांधावर चढली आणि तिनं पाणी बघितलं.

जूनमध्ये बूच उपसल्यापासून पाणी खाचरांना जात होतं. पाऊस नव्हता. तळं उतरून तिसरा हिस्सा राहिलं होतं. कडेनं भेगाळलेल्या चिखलाचं रुंद कडं, आणि मधे कोमट हिरवं पाणी, खोल तिथं कमरेइतकं. हे तिला नवं नव्हतं. दर ऑगस्टमध्ये तळं असंच असतं, पन्नास वर्षं ती ते बघत आली होती. पण तीन हजारांचा हिशेब तिनं कचेरीच्या कागदावरचं तळं धरून केला होता, आणि तो कागदावरचा आकडा काठोकाठ भरलेल्या तळ्याचा होता. राखणदाराच्या बायकोनं, पाणी रोज डोळ्यांसमोर असताना, पाणी कागदावर मोजलं.

एवढ्याशा पाण्याला हजार पुष्कळ झाले, तेही या उन्हात नकोत. पाण्यात इतका कोंडा एकदम पडला की तो कुजणार, आणि कुजताना पाण्यातला सगळा वारा खाणार. पिंपं ढवळणाऱ्याच्या मुलीला हे कुणी शिकवायला नको होतं.

पण मागे अकरा जणी रांगेत उभ्या होत्या. चार दिवस पाठीचे काटे ढिले करून त्यांनी ते गोळे वळले होते. त्यांना काय सांगायचं? दोन हजार परत न्या? तुमचे कष्ट मातीत घाला? ते तोंडातून निघेना. तिनं मियाताकेकडे बघितलं. मियाताकेनं पाण्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. साठ वर्षं पाण्याची शेती केलेला माणूस तो. आता हा काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली.

"फार कष्ट घेतलेत तुम्ही, मित्सुएसान," मियाताके म्हणाला आणि कमरेत वाकला.

कॅमेरावाल्यानं हात वर केला. मित्सुएनं पहिला गोळा टाकला.

तीन हजार गोळे पाऊण तासात संपले. काही चिखलाच्या कड्यावर पडले, ते बायकांनी काठ्यांनी आत ढकलले. काम अर्धवट ठेवायची आमच्यात पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ पांढरं झालं. सुरुवातीला असं होतंच, मित्सुएनं विचारणाऱ्यांना सांगितलं. तिसऱ्या दिवशीही सांगितलं. वारा अगदी पडला होता, झाडाचं पान हलत नव्हतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी चिसातो ओसाकाहून ओबोनसाठी आली आणि दारातच तिनं नाकाला रुमाल लावला. अंड्यासारखा वास येत होता. मित्सुएनं तिला कलिंगड कापून दिलं आणि स्वतः काही खाल्लं नाही.

तेरा तारखेला उजाडताना ती तळ्यावर गेली. सगळं पाणी तोंडांनी भरलं होतं. कटले, कार्प, हातभर लांबीचे, तोकुजिरोच्या वेळचे म्हातारे मासे, सगळे वर येऊन वारा पीत होते. ओठ उघडत होते, मिटत होते, आणि त्याचा एक बारीक चपचप आवाज सगळ्या तळ्यावर चालला होता. तो आवाज तिनं पुढे कुणाला कधी सांगितला नाही, फक्त एकदा चिसातोला सांगितला. धावत जाऊन तिनं बागेची नळी आणली, ती बांधापर्यंतही पुरेना. मियाताकेच्या गोठ्यातला पंप काढायला आठ वाजले. पंपानं पाणी उडवलं तोवर चपचप थांबली होती.

दुपारपर्यंत पोटं वर आली. ओबोनचा पहिला दिवस, ज्या दिवसांत माणूस साधा डासही मारत नाही, गळ घेऊन कुणी पाण्याकडे फिरकत नाही. घरोघरी लेक-सुना आल्या होत्या. पोरांना बांधाकडे जाऊ नका म्हणून बजावलं. माणसं नाकाला पंचे लावून थडग्यांवर फुलं वाहायला जात होती, आणि रस्ता तळ्याच्या कडेनंच होता.

मित्सुए आणि चिसातो पाण्यात उतरून जाळ्यानं मासे ओढत होत्या. मदतीला या असं मित्सुए कुणाला म्हणाली नाही, आणि आपणहून कुणी आलं नाही. कामात असलेल्या माणसाची लाज बघू नये म्हणतात. दोनशे एकोणचाळीस मासे तिनं मोजले. बागेत वांग्यांच्या वाफ्यांमधे चर खणून पुरले. चौथ्या फेरीला चिसातो खाली बसली.

"आई, मासे मेलेत. माणूस नाही मेला कुणी," ती म्हणाली.

मित्सुएनं पाटी रिकामी केली आणि परत गेली.

संध्याकाळी गल्लीत दारोदार विस्तव पेटले. गेलेल्यांना घरची वाट दिसावी म्हणून तागाच्या काड्या जाळतात. चिसातोनं मातीची थाळी काढली, काड्या रचल्या, काडेपेटी आईच्या हातात दिली. मित्सुए ती घेऊन बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली.

"नको पेटवूस," ती म्हणाली. "यंदा त्यांना यायला नको. बघतील."

चिसातोनं थाळी आत नेली. गल्लीत तेवढं एकच दार काळोखात होतं, आणि ते सगळ्यांनी बघितलं. मला आजही त्या दाराचं जास्त वाईट वाटतं, माशांपेक्षा.

ओबोन संपल्यावर मित्सुए माफी मागायला घरोघर गेली. तांदळाच्या वड्यांचे डबे घेतले, काळा पोशाख केला, प्रत्येक दारात कमरेत वाकली. माझ्यामुळे झालं, म्हणाली. प्रत्येक दारात तिला तेच ऐकायला मिळालं. अहो, ऊनच तसं होतं. तुमचा काय दोष. उलट तुम्हीच किती केलंत. युकिए म्हणाली, आपण सगळ्यांनीच टाकले की गं गोळे, आणि बोलता बोलता दार हळूच लोटलं. एकीनं जरी हात धरून, अगं बये हे काय करून बसलीस, असं म्हटलं असतं तर मित्सुए तिच्या गळ्यात पडून रडली असती. कुणी म्हटलं नाही.

त्या आठवड्यात तिच्या फाटकाशी बाटल्या यायला लागल्या. विरजण नेलेल्या त्या. घासूनपुसून लख्ख, तोंडाशी कागद गुंडाळलेल्या, बरोबर आभार म्हणून दोन संत्री किंवा मिठाईची पुडी. कुणी घंटा वाजवली नाही. सकाळी दार उघडावं तर बाटल्या. आतला वास जावा म्हणून गरम पाण्यानं धुतलेल्या होत्या. अकरा आल्या. बारावी तिची स्वतःची.

वीस तारखेच्या सभेला एकोणीस जण होते. कामादानं नकाशा लावला, बांधाचं सांगितलं, वासाचं सांगितलं. मासे हा शब्द त्यानं कष्टानं चुकवला. कुणाला काही विचारायचंय का, म्हणाला. मित्सुए उभी राहिली.

"मासे मी मारले," ती म्हणाली. "पाणी तिसरा हिस्सा होतं आणि मी भरल्या तळ्याचा हिशेब धरला. तळं वाईट नाही. माझं चुकलंय. त्याची शिक्षा तळ्याला नको."

कुणी मान वर केली नाही. पंखा फिरत होता. मियाताकेनं समोरचे कागद सारखे केले आणि म्हणाला, "मित्सुएसाननी आणि तोकुजिरोसाननी इतकी वर्षं तळ्यासाठी जे केलं, त्याबद्दल आपण सगळे त्यांचे ऋणी आहोत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, हे सांगायला हवं. मग हात वर करायला सांगितले. सुंठीवाचून खोकला जात होता, कोण नको म्हणणार. अठरा हात वर झाले आणि अठराही जण एकोणिसाव्याकडे न बघता थांबून राहिले. आमच्यात असले ठराव एकमतानंच होतात. एकानं हात खाली ठेवला की बाकीच्यांना अवघडायला होतं. मित्सुएनं हात वर केला.

जानेवारीत तळं रिकामं करायचं ठरलं. बुजवण्याआधी तळाचा गाळ काढायला हवा होता, आणि उरलेसुरले मासे दुसऱ्या तळ्यात सोडायला. कचेरीनं घरोघर पत्रक वाटलं. बूच उपसायचा मान मित्सुएला दिला. थंडीनं हात वळत नव्हते, पण तिनं दोर ओढला. पाणी गेलं.

आणि माणसं आली. गमबूट घालून, खोरी घेऊन, चौतीस माणसं. शनिवार-रविवार धरून ओसाकाहून मुलगे आले, जावई आले. उदोनवाल्यानं दुकान बंद ठेवून सगळ्यांसाठी मोठं पातेलं आणलं. बांधावर चूल पेटली. मांडीपर्यंतच्या चिखलात लोक रांग धरून बादल्या हातोहात पुढे देत होते, कुणी रुतला की हसत होते. बैल गेला आणि झोपा केला. यातली निम्मी माणसं गेल्या वीसातल्या कुठल्याही एका हिवाळ्यात आली असती, तर एकाही गोळ्याची गरज पडली नसती. मित्सुए रांगेच्या शेवटी उभी होती. या माणसांना ती कधीपासून शोधत होती. तिला त्यांचा राग आला, इतका की डोळ्यांपुढे अंधारलं, आणि तो राग कुणावर काढावा हे कळेना, कारण सगळे तिच्याशी फार चांगले वागत होते.

मियाताके काठी टेकत चिखलाच्या कडेला आला. त्याला कुणी खाली उतरू देत नव्हतं. तो तिच्या बाजूला उभा राहिला.

"त्या दिवशी मला पाणी दिसत होतं," तो म्हणाला. "तुम्ही माझ्याकडे बघितलंत, तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तोकुजिरोसान गेल्यावर बांधाचं गवत मीच कापत होतो, मित्सुएसान. माझे गुडघे संपलेत. वाटलं, जाऊ दे एकदाचं हे तळं."

मित्सुएनं हातातली बादली खाली ठेवली.

"मलाही दिसत होतं," ती म्हणाली. "मी बघितलं तुमच्याकडे, ते तुम्ही अडवावं म्हणून."

यावर सभ्यपणे बोलण्यासारखं काही नव्हतंच. पुढचा माणूस हात लांब करून बादलीची वाट बघत होता, तशी ती वाकली, बादली उचलली आणि पुढे दिली.